विश्लेषण : गोष्ट बांधायची कशी? मराठी कथेला आराखडा देणारे ना. सी. फडके कोण होते?

बारावीच्या 'युवकभारती' या मराठीच्या पाठ्यपुस्तकात कथा हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे शिकवला जातो. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली ही यादी परीक्षेपुरती पाठही होते. पण यातला प्रत्येक घटक गोष्टीत नेमके काय काम करतो, हे त्या यादीतून कळत नाही. गोष्ट लिहिणे ही शिकता येणारी गोष्ट आहे, असे ठामपणे सांगत या घटकांची सविस्तर चर्चा मराठीत रुजवली ती ना. सी. फडके यांनी. एकेकाळी महाराष्ट्रातले सर्वाधिक वाचले जाणारे लेखक असलेले फडके आज फारसे वाचले जात नाहीत. त्यांनी मांडलेला आराखडा मात्र अजून वापरात आहे. तो काय होता, त्याला विरोध का झाला आणि तो आज कितपत उपयोगी आहे, ते पाहू.

ना. सी. फडके कोण होते?

नारायण सीताराम फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी नगर जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. त्यांची पहिली कथा 'मेणाचा ठसा' १९१२ मध्ये 'केरळ कोकिळ' या मासिकात छापून आली. तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. १९१७ मध्ये त्यांची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर!' प्रसिद्ध झाली. ती मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती. म्हणजे फडक्यांची सुरुवात दुसऱ्याने बांधलेली गोष्ट उलगडून, ती मराठीत पुन्हा उभी करण्यापासून झाली.

पेशाने ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या काळी तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय तत्त्वज्ञानाच्याच अभ्यासक्रमात येत. एका गोष्टीतून दुसरी गोष्ट कशी निघते आणि माणसाचे मन कशाने हलते, हे दोन्ही त्यांच्या रोजच्या शिकवण्याचे विषय होते. १९२६ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात रुजू झाले आणि १९४९ पर्यंत तिथे राहिले. नंतरची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. सत्तरहून अधिक कादंबऱ्या, पंचवीसहून अधिक कथासंग्रह, 'गुजगोष्टी'सारखे लघुनिबंध आणि 'माझं जीवन : एक कादंबरी' हे आत्मचरित्र असा त्यांचा पसारा आहे. १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याआधी मराठी कथा कशी होती?

आधुनिक मराठी कथेची सुरुवात साधारणपणे हरि नारायण आपटे यांच्यापासून धरतात. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. त्या काळी मासिकांतून कादंबऱ्या क्रमशः येत. एका बैठकीत वाचून संपणारी गोष्ट हा वाचकांसाठी नवा अनुभव होता. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकात एकाच अंकात पूर्ण होणाऱ्या गोष्टी येऊ लागल्या. त्यांना 'संपूर्ण गोष्ट' असेच म्हटले जाई. वि. सी. गुर्जर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला.

या गोष्टींत घटना भरपूर असत, पण त्या बऱ्याचदा एकामागे एक मांडलेल्या असत. काही वेळा गोष्ट म्हणजे छोटी केलेली कादंबरीच वाटे. १९२०च्या दशकात दिवाकर कृष्ण यांनी माणसाच्या मनात काय घडते याकडे कथेचा रोख वळवला. त्यांचा 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ चा.

त्याच सुमारास मासिकांची संख्या आणि वाचक दोन्ही वाढत होते. 'रत्नाकर', 'यशवंत', 'किर्लोस्कर' यांना दर महिन्याला कथा हव्या होत्या. लिहिणारे खूप होते, पण चांगली गोष्ट कशामुळे चांगली होते हे त्यांना सांगणारे मराठीत फारसे काही नव्हते. 'रत्नाकर'च्या संपादनाशी फडके स्वतः संबंधित होते, त्यामुळे ही अडचण त्यांना जवळून माहीत होती.

'प्रतिभासाधन' या पुस्तकात वेगळे काय होते?

१९३१ मध्ये फडक्यांचे 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले. प्रतिभा ही देवाची देणगी, ती असते किंवा नसते, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. फडक्यांची भूमिका अशी की देणगी असली तरी तिला साधना लागते आणि त्या साधनेची रीत सांगता येते. गायकाला रियाज लागतो, तसा लेखकालाही. पुस्तकाचे नावच ते सांगते. पुढे 'लघुकथालेखन : मंत्र आणि तंत्र' या पुस्तकात त्यांनी केवळ कथेवर लक्ष केंद्रित केले.

हा विचार जगात नवा नव्हता. गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, हे ॲरिस्टॉटलने सांगितले होते. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये लिहिले की छोट्या कथेतला प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे नेणारा हवा. जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटाग याने १८६३ मध्ये नाटकातला चढ, शिखर आणि उतार दाखवणारी मांडणी केली. तिची त्रिकोणी आकृती आजही शाळांत फळ्यावर काढली जाते. फडक्यांनी पाश्चात्त्य कथालेखनातले हे तंत्र मराठी वाचकाच्या ओळखीच्या भाषेत आणले आणि ते आपल्या कथांमध्ये वापरून दाखवले.

कथानक म्हणजे नेमके काय?

पुणे-कोल्हापूर रस्त्यावर, भोर तालुक्यात किकवी लागते. उदाहरणासाठी या गावातली एक काल्पनिक गोष्ट घेऊ.

समजा, किकवीच्या एसटी थांब्यावर सकाळी नऊला पन्नाशीची एक बाई बसली आहे. तिचे सासर किकवीत, माहेर तालुक्यातच महामार्गालगतच्या दुसऱ्या गावात. भावाने फोनवर एवढेच सांगितले आहे, की जमिनीच्या कागदावर सही हवी, अकरापर्यंत भोरच्या निबंधक कार्यालयात ये आणि लेकीलाही सोबत आण. आपल्याकडे बहिणीला अशा सहीसाठी बोलावले, की हक्कसोडपत्र हेच पहिल्यांदा मनात येते. तिच्याही मनात तेच आले आहे.

आता दोन मांडण्या पाहा. बाई भोरला गेली, कागद पुढे आला, तिने तो वाचून दाखवायला सांगितला. ही झाली घटनांची रांग. दुसरी मांडणी अशी : थांब्यावर माहेरची एक ओळखीची बाई भेटली, तिच्याकडून त्या रानाची नुकतीच मोजणी झाल्याचे कळले, भाऊ जमीन विकतोय असा संशय आला, म्हणून तिने सहीआधी कागद वाचून दाखवायला सांगितला. हे कथानक. फरक 'म्हणून' या एका शब्दाचा आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये नेमका हाच भेद समजावून सांगितला होता. घटना फक्त एकीनंतर दुसरी आली की ती हकिगत असते. एकीमुळे दुसरी घडली की कथानक तयार होते.

फडक्यांच्या पद्धतीने ही गोष्ट बांधायची तर तिचे टप्पे असे पडतील :

आरंभ : बाई थांब्यावर आहे, अकराची वेळ ठरली आहे, सही करायची आहे. पहिल्या काही ओळींतच वाचकाला कळते की आज काहीतरी ठरणार आहे. तिचे बालपण, लग्न, वडिलांचा मृत्यू हे सगळे आधी सांगत बसायचे नाही.

गुंतागुंत : मोजणीची बातमी येते. लेकीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता थकला आहे. पण आईच्या आजारपणात सगळे याच भावाने केले, आणि हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. प्रत्येक नव्या माहितीने सही करणे आणि न करणे दोन्ही अधिक अवघड होत जाते.

उत्कर्षबिंदू : कागद समोर आहे, पेन हातात आहे, भाऊ शेजारी उभा आहे. आता टाळाटाळ शक्य नाही. ती म्हणते, आधी वाचून दाखवा.

कलाटणी आणि उकल : कागद हक्कसोडपत्र नाहीच. ते वाटणीपत्र आहे. अर्धे रान बहिणीच्या नावे होणार आहे. मोजणी झाली होती ती विक्रीसाठी नाही, वाटणीसाठी. आधी सांगितले असते तर भिडेपोटी ती नको म्हणाली असती, म्हणून भावाने फोनवर काही सांगितले नाही.

इथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कलाटणी अनपेक्षित हवी, पण ती आकाशातून पडता कामा नये. मोजणीची बातमी आणि लेकीला आणण्याचा निरोप या दोन्ही खुणा वाचकाला आधीच दिल्या होत्या. त्याने त्यांचा अर्थ वेगळा लावला, इतकेच. अमेरिकी कथाकार ओ. हेन्री अशा शेवटांसाठी प्रसिद्ध होता. या खुणा नसत्या, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटले असते.

बाकीचे घटक काय काम करतात?

कथानक हा सांगाडा झाला. बाकीचे घटक सजावट म्हणून नसतात, प्रत्येकाकडे काम असते. वरच्याच गोष्टीत ते तपासून पाहता येते.

पात्रचित्रण : बाई भिडस्त आहे, हे नुसते सांगून चालत नाही. एसटीत जागा पकडूनही दुसऱ्या कुणाला ती उठून देते, असा छोटा प्रसंग आला तर वाचकाला ते पटते. आणि अशी बाई भर कार्यालयात कागद वाचून दाखवायला सांगते, तेव्हा त्या वाक्याला वजन येते.

संघर्ष : भांडण झाले म्हणजेच संघर्ष होतो असे नाही. इथे खरा झगडा बहीण-भावात नाही, बाईच्या मनातच आहे. एका बाजूला लेकीची फी, दुसऱ्या बाजूला माहेर.

वातावरण : महामार्गावरून सतत धावणाऱ्या गाड्या हे केवळ चित्र नाही. त्या रस्त्यामुळेच जमिनीला भाव आला आहे. वातावरण कथानकाला असे जोडलेले असले की वर्णन कंटाळवाणे होत नाही.

निवेदन : गोष्ट बाईच्या बाजूने सांगितली, म्हणून कलाटणी शक्य झाली. तीच भावाच्या बाजूने सांगितली असती तर कागदात काय आहे हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. मग उत्सुकता वेगळीच राहिली असती : बहीण आपल्यावर विश्वास ठेवेल का?

संवाद : ओळखीची बाई मोजणीची बातमी सहज बोलता बोलता देते. ती स्वतःच म्हणाली की भाऊ जमीन विकतोय, तर गोष्ट संपली. संवादाने माहिती द्यायची, पण अर्थ लावण्याचे काम पात्रावर आणि वाचकावर सोडायचे.

खांडेकरांशी फडक्यांचा वाद कशावरून झाला?

फडके कलेची बाजू लावून धरत. साहित्याचे पहिले काम वाचकाला आनंद देणे, उपदेश करणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. वि. स. खांडेकर यांची भूमिका जीवनासाठी कला अशी होती. कला आणि जीवन यांपैकी कशासाठी लिहायचे, हा त्या काळातला मोठा वाद झाला. फडके १९४० मध्ये रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद खांडेकरांकडे गेले. या काळाला मराठी साहित्याच्या इतिहासात फडके-खांडेकर युग असेच म्हटले जाते.

वरच्या उदाहरणावर हा वाद लावून पाहिला की त्याचा मुद्दा स्पष्ट होतो. कलाटणीने वाचक सुखावतो. भाऊ चांगला निघाला, संशय फिटला, हिस्सा मिळाला. पण प्रत्यक्षात अनेक बहिणींच्या पुढे येतो तो हक्कसोडपत्राचाच कागद, आणि त्या मुकाट सही करतात. मुलीला वारसाहक्क कायद्याने दिला आहे, तरी भिडेपोटी आणि माहेरपणासाठी तो सोडला जातो. खरा प्रश्न गोष्टीने उभा केला आणि शेवटी सोयीने मिटवला, असा आक्षेप जीवनवादी टीकाकार घेऊ शकतो. फडक्यांच्या बाजूचा वाचक म्हणेल की पानभर उपदेश करणारी गोष्ट कोणी पुरती वाचणारच नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

नवकथेने फडक्यांचे तंत्र का नाकारले?

दुसरे महायुद्ध संपता संपता मराठीत कथाकारांची नवी पिढी आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही त्यातली प्रमुख नावे. 'सत्यकथा' मासिक हे त्यांचे महत्त्वाचे व्यासपीठ होते. त्यांच्या लेखनाला नवकथा हे नाव मिळाले. गाडगीळांचा 'मानसचित्रे' १९४६ चा आणि माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ चे. फडके राजाराम महाविद्यालयातून बाहेर पडले तेही याच वर्षी.

नवकथाकारांचा मुख्य आक्षेप असा होता, की आयुष्य आरंभ, चढ, शिखर आणि उकल अशा पायऱ्यांनी चालत नाही. तंत्राचा साचा झाला की लेखक माणसांना त्या साच्यात बसवतो. मग सगळ्या गोष्टी नीट बांधलेल्या आणि एकसारख्या होतात. फडक्यांच्या कथेतले जग बरेचसे शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गाचे होते, हीदेखील एक मर्यादा दाखवली गेली. माणदेशातला धनगर किंवा मुंबईच्या चाळीतला कारकून त्या चौकटीत सहज मावत नव्हता.

किकवीची तीच गोष्ट या दृष्टीने पाहिली तर ती कदाचित भोरला पोहोचणारच नाही. एसटी येते, थांबते, निघून जाते. बाई चढत नाही. पूर्ण गोष्ट थांब्यावरच्या एका तासाची. मोजणीची बातमी ऐकल्यावर तिच्या मनात माहेरची विहीर, आईचे शेवटचे दिवस, लेकीचा चेहरा हे सगळे येत-जात राहते. सही केली की नाही हे वाचकाला कळत नाही, पण ती बाई कोण आहे हे पुरते कळते. व्यक्तिचित्राच्या अंगाने जाणारा लेखक कदाचित सहीचा प्रसंगही वगळेल आणि त्या बाईचे चालणे, बोलणे, पैशाची गाठ पदराला मारणे एवढ्यावरच भर देईल.

इथेही बांधणी आहेच, फक्त तिची जागा बदलली आहे. फडक्यांच्या गोष्टीत वळण बाहेर, घटनेत असते. नवकथेत ते आत, जाणिवेत असते. बस सुटते त्या क्षणी बाईच्या मनात काहीतरी बदलते, आणि तोच तिथला उत्कर्षबिंदू.

मग तंत्र शिकण्याचा आज उपयोग काय?

फडक्यांचे पुस्तक आणि त्यांच्यावरची टीका एकत्र वाचली, तर तीन साध्या चाचण्या हाती येतात. गोष्ट वाचताना, स्वतः लिहिताना किंवा परीक्षेत रसग्रहण करताना त्या लावून पाहता येतात.

पहिली, एखादा प्रसंग काढून टाकून पाहा. त्यानंतरही पुढचे सगळे जसेच्या तसे घडत असेल, तर तो प्रसंग कथानकाचा भाग नाही. तो वातावरणाचे किंवा पात्राचे काम करतो का, ते मग तपासा. तेही करत नसेल तर तो नकोच.

दुसरी, गोष्ट दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगून पाहा. काय लपले आणि काय उघड झाले यावरून लेखकाने हाच निवेदक का निवडला, ते कळते. रसग्रहणात केवळ प्रथमपुरुषी किंवा तृतीयपुरुषी निवेदन असे लिहून थांबण्यापेक्षा हे कारण लिहिणे अधिक महत्त्वाचे.

तिसरी, शेवट झाकून ठेवा. उरलेल्या गोष्टीने जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर शेवट देतो की फक्त तो बंद करतो, हे विचारा. फडक्यांच्या कथा या चाचणीवर कधी टिकतात, कधी अडखळतात. नवकथेनंतरच्या अनेक कथाही टिकत नाहीत, कारण शेवट मोकळा ठेवला म्हणजे तो खोल झाला असे नसते.

फडक्यांच्या कादंबऱ्या आता प्रामुख्याने ग्रंथालयांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. ज्यांना मराठी कथा समजून घ्यायची आहे, त्यांनी त्यांची एखादी कथा आणि गाडगीळांची किंवा माडगूळकरांची एखादी कथा एकाच दिवशी वाचावी. दोन्हींत गोष्ट नेमकी कुठे वळते त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि ते वळण घटनेत आहे की पात्राच्या मनात, हे शेजारी लिहून ठेवावे.